सुरण, कणगर लावणाऱ्यांसाठी मे महिन्याचा सल्ला: बियाण्याआधी चर

मुरबाड, शहापूर आणि अंबरनाथ तालुक्यांत वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीवर दोन-चार गुंठे सुरण, कणगर, करांदे किंवा रताळी ही कंदपिके लावणाऱ्यांचे पीक किडीपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक बुडताना मी पाहिले आहे. कारण बहुधा एकच असते: वरच्या अंगाने येणारे पाणी बाहेर काढणारा चर पावसाआधी उपसलेला नसतो. पूर्वी लावणीनंतर हे काम करायला सवड मिळे. आता ती धरून चालू नये. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे.

चोवीस तासांत २०४.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास हवामान खाते तो सर्वांत वरच्या श्रेणीत धरते. एवढा पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे २० हजार लिटर पाणी, आणि डोंगरउतारावरून येणारे त्याहून वेगळे. त्यामुळे शेताच्या वरच्या कडेने उताराला आडवा, साधारण दीड फूट रुंद व एक फूट खोल चर काढावा आणि माती खालच्या बाजूला टाकून दाबावी. चर असेल तर त्यातील गाळ, पालापाचोळा आणि विशेषतः तोंडाशी वाढलेले गवत काढावे. जेथे लव्हाळा हे तण दाट माजते तेथे पाणी रेंगाळते असा माझा कयास आहे. त्या तुकड्यात सुरण लावू नये.

पाणी तुंबले की सुरणाचे खोड जमिनीलगत पाणचट होते, पाने पिवळी पडतात आणि झाड कोलमडते. बुंध्याजवळची माती बाजूला केल्यास पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही बुरशीजन्य खोडकूज आहे. अशा वेळी दुकानातून टॉनिक किंवा ह्यूमिकची (पीकवाढीच्या द्रावणाची) महागडी बाटली गळ्यात मारली जाते. तुंबलेल्या मुळांना तिचा काडीचाही उपयोग होत नाही. रोगट झाड मातीसह उपटून शेताबाहेर न्यावे, पाणी काढून द्यावे आणि शेजारच्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून ओतावे.

लावणीची नेहमीची कामे:
- सुरण: ‘गजेंद्र’ वाण, डोळ्यासह सुमारे ५०० ग्रॅमची फोड, अंतर ९० × ९० सें.मी.; गुंठ्याला सुमारे १२५ खड्डे.
- बीजप्रक्रिया: शेणकाल्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी), ५ ग्रॅम प्रति किलो बियाणे, सावलीत सुकवणे.
- कणगर: ‘कोकण कांचन’ वाण, वेलांना आधार.
- रताळी: ‘कोकण अश्विनी’ वाण, वरंब्यावर लावणी.
- सुरणाच्या खड्ड्यांवर पेंढा किंवा पाल्याचे आच्छादन.

पावसाने मध्येच दडी मारली की रताळ्याच्या वरंब्यांना भेगा पडतात आणि त्यांतून सोंडकिडा कंदापर्यंत पोहोचतो, म्हणून उघडीप मिळताच मातीची भर द्यावी. ही भर ओढताना माती चरात ढकलली जाते आणि पुढच्याच सरीला पाणी शेतात फिरते, तेव्हा भर दिल्यावर त्याच दिवशी चर पुन्हा ओढून घ्यावा. चराचे पाणी शेजाऱ्याच्या भातखाचरात उतरणार असेल, तर त्यांच्याशी मे महिन्यातच बोलून वाट ठरवावी. भर पावसात बांध फोडण्यावरून दोघांचेही पीक जाते.