गिटारचं पिक निवडताना आधी जाडी बघा

पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चपटी पट्टी. दुकानात बरणीभर रंगीत पिकं असतात, आपण रंग बघून एखादं उचलतो. मग स्ट्रमिंग करताना (सगळ्या तारांवरून एकदम पिक फिरवताना) ते तारांत अडकतं, नाहीतर सुटे सूर वाजवताना नुसतं लवतं. जाडी मिलिमीटरमध्ये बहुतेक पिकांवर छापलेली असते, ती बघा.

१. गाण्याला साथ म्हणून फक्त कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत असाल तर ०.५० ते ०.६० चं पातळ पिक घ्या.

२. थोडं स्ट्रमिंग, थोडी धून असं मिश्र वाजवणाऱ्यांना ०.७३ ते ०.८८. नवशिक्यांनीही इथूनच सुरुवात करावी.

३. लीड (गाण्यातली मुख्य धून) किंवा वेगवान सुटे सूर असतील तर १ मिमी किंवा त्याहून जाड. टोकदार आणि लहान आकाराचं मिळालं तर उत्तमच.

हाताला घाम येत असेल तर गुळगुळीत चकचकीत पिक टाळा. खरखरीत पृष्ठभागाचं किंवा मधे उठावाची नक्षी असलेलं नायलॉनचं घ्या.

पैसे घालण्याआधी अंदाज हवाय? मुदत संपलेलं एटीएम कार्ड साधारण ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे आयतं मध्यम पिक. जुनं पिक वर ठेवून पेनाने आकार काढा, कात्रीने कापा आणि कड नेलफाइलने घासून गुळगुळीत करा. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, पण जाडी कळायला पुरे. कापताना चिप आणि चुंबकी पट्टीचे मात्र आधी तुकडे करून टाका.