कुत्र्याच्या कानात काय झालंय ते आधी ओळखा, मग औषध

कुत्रं सारखं डोकं झटकायलंय, मागच्या पायानं कान खाजवायलंय, नाहीतर कान जमिनीला घासायलंय म्हंजे कानात काहीतरी आहे, पण लगेच कोमट तेल ओतू नका, आपल्याकडं ही सवय लई आहे अन् त्यानं आतला मळ जास्तच चिकटतो. उजेडात घ्या, कान उलटा करून बघा अन् वास घ्या, वासावरून बरंच कळतं.

आत चहापत्तीसारखा काळा चुरा अन् खाज प्रचंड असंल तर बहुतेक माईट्स, म्हंजे कानातले बारीक किडे. पिल्लांना जास्त होतात, अन् एकाकडनं दुसऱ्याकडं जातात, म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना सोबतच औषध लागतं. अंड्यापासून मोठा माईट व्हायला सुमारे ३ आठवडे जातात, त्यामुळं खाज थांबली म्हणून औषध मधीच सोडलं की पुन्हा सुरू. तपकिरी चिकट मळ अन् आंबट वास म्हंजे यीस्ट (एक प्रकारची बुरशी), पावसाळ्यात लॅब, कॉकरसारख्या लोंबत्या कानाच्या कुत्र्यांना हे फार. पिवळा-हिरवा पू, घाण वास अन् कानाला हातच लावू देत नसंल तर बॅक्टेरिया. वर्षातनं चारदा कान बिघडायला लागला तर मूळ बहुतेक ॲलर्जीत असतं, नुसते थेंब घालून भागत नाही.

शेतातल्या कुत्र्यांचं वेगळं. दिवाळीच्या आसपास गवत वाळतं, रानात चांगलं पळणारं कुत्रं एकदम मान वाकडी करून एकच कान झटकायलंय तर कुसळ गेलंय समजा, त्याचे केस उलटे असतात म्हणून ते आत आतच सरकतं, चिमट्यानं कोरत बसू नका, डॉक्टर भूल देऊन काढतात. कानाच्या पाळीत गोचीड दिसला तर मात्र घरी काढता येतो, चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका, बोटानं चिरडू नका.

साफ करायचं तर कुत्र्यांचंच इअर क्लीनर आणा. कान भरेल इतकं टाका, कानाच्या बुडाला अर्धा मिनिट चोळा (पचपच आवाज येतो), मग त्याला झटकू द्या अन् वर आलेली घाण कापसानं पुसा. बड्स नकोच, नळी खाली जाऊन आत वळते, बडनं मळ तिथंच दाबला जातो. मान वाकडी असंल, तोल जात असंल तर काहीच टाकू नका, पडदा फाटला असंल तर काही थेंबांनी कुत्रं बहिरं होऊ शकतं.

अन् जनावरांचं आयव्हरमेक्टिन (किडे-जंत मारायचं औषध) अंदाजानं कुत्र्याला टोचू नका, कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना ते जीवघेणं ठरू शकतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, जमलं तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला, तिथं कानातला मळ मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. झटकून झटकून कानाची पाळी पिशवीगत फुगली असंल तर त्यात रक्त साचलंय, घरी सुई टोचायची नाही, त्याच दिवशी न्या.