पॅथॉलॉजी वाचूनही डोक्यात का राहत नाही? या चुका टाळा

लातूरला नीटची तयारी करून आलेल्या मुलामुलींची एक ताकद मला पहिल्याच महिन्यात दिसते, ती म्हणजे बैठक. दहा-दहा तास मान वर न करता ही लेकरं अभ्यास करतात. तरीही सेकंड एमबीबीएसला पॅथॉलॉजी, म्हणजे आजाराने पेशीत आणि अवयवात काय बिघडतं त्याचा विषय, सुरू होऊन तीन महिने झाले की त्यातलीच कितीतरी जणं दाराशी येऊन उभी राहतात. "सर, रोज वाचतो, पण राहत नाही." नर्सिंगच्या, डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या), बीएएमएसच्या मुलांचीही हीच तक्रार असते. यात स्मरणशक्तीचा काही दोष नसतो. वाचण्याची रीत चुकलेली असते, आणि ती वेळेवर दुरुस्त होऊ शकते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: यादी पाठ करणं

माझ्या स्वतःच्या व्हायवाची गोष्ट सांगतो. नेक्रोसिस म्हणजे शरीरातला पेशींचा भाग मरणं. त्यातल्या केसियस नेक्रोसिसची व्याख्या मी घडाघडा म्हणून दाखवली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "केसियस म्हणजे चीजसारखं. का दिसतं ते तसं?" मला एक शब्द सुचला नाही. चीज तोवर मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. पुढे वर्षभराने टीबीच्या लिम्फ नोडचा काप हातात आला आणि घरचं नासलेलं दूध आठवलं. आई ते फडक्यात बांधून ठेवायची आणि पाणी निथळल्यावर आत पांढरट, भुसभुशीत चोथा उरायचा. नोडच्या मधला भाग हुबेहूब तसाच होता. टीबीच्या जंतूच्या भिंतीत मेदाचं प्रमाण भरपूर असतं. त्याच्याशी झुंजताना मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, मरतात. मेलेल्या पेशींचे आकार पुसले जातात, पण सगळं विरघळून पाणीही होत नाही. म्हणून तो चोथा. हे एकदा कळलं की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

कोणताही आजार घ्या, त्याला चार प्रश्न ओळीने विचारा. सुरुवात कशाने झाली? मग पेशीत काय झालं? ते डोळ्यांना आणि मायक्रोस्कोपखाली कसं दिसतं? आणि त्यामुळे पेशंटला काय त्रास होतो? आजाराचं मूळ पेशीत शोधायचं, हा विचार रुडॉल्फ विरशॉ यांनी 1858 मध्ये बर्लिनच्या व्याख्यानांतून ठामपणे मांडला. आपला आजचा अभ्यासक्रम अजून त्याच पायावर उभा आहे. या साखळीतली एक कडी जरी गाळली तरी पुढचं सगळं सुटं होतं आणि परीक्षेच्या आधी घरंगळून जातं.

हार्ट अटॅकचं वेळापत्रक हे याचं चांगलं उदाहरण आहे. मुलं ते तक्त्यासारखं घोकतात: पहिले काही तास मायक्रोस्कोपखाली जवळपास काही दिसत नाही, मग स्नायूचा कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस, एक ते तीन दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, तीन ते सात दिवस मॅक्रोफेज, दहा दिवसांच्या पुढे जखम भरणारा नवा ग्रॅन्युलेशन टिश्यू, दोन महिन्यांनी पक्का व्रण. आता याच तक्त्याला "मग काय झालं?" असं विचारा. मॅक्रोफेज मेलेला स्नायू खाऊन साफ करत असतात आणि नवीन तंतू अजून तयार झालेले नसतात, तेव्हा हृदयाची भिंत सगळ्यात मऊ असते. म्हणजे भिंत फाटण्याचा धोका पहिल्याच आठवड्यात, साधारण तिसऱ्या दिवसापासून पुढे. वॉर्डात एखादे मामा "आता बरं वाटतंय, घरी सोडा" म्हणून हट्ट धरतात, तेव्हा डॉक्टर का थांबवून ठेवतात, याचं एक उत्तर त्या तक्त्यात दडलेलं आहे.

क्लॉटिंगची साखळी आणि घोणस

रक्त गोठण्याची साखळी मुलांना सगळ्यात रुक्ष वाटते. मला ती घोणसाच्या गोष्टीतून शिकवायला आवडते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपल्याकडे साप चावल्याचे पेशंट येतात आणि त्यांत घोणस असते. तिच्या विषातले घटक रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर 10 आणि फॅक्टर 5 थेट चालू करतात. साखळी मधूनच पेटते, शरीरभर बारीक गुठळ्या होत राहतात आणि त्यात गुठळीचा कच्चा माल, म्हणजे फायब्रिनोजेन, खर्ची पडतं. शेवटी गोठायला काही उरतच नाही, म्हणून हिरड्यांतून आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. गोठण्याचा अतिरेक झाल्यामुळे रक्तस्राव होतो, ही उलटी वाटणारी गोष्ट इथे सरळ समजते.

रक्त गोठतंय की नाही, याची तपासणी खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही होते. काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग एकदाच कलतं करून पाहायचं. चुका इथेच होतात. प्लास्टिकची ट्यूब वापरली जाते. काचेच्या पृष्ठभागामुळे फॅक्टर 12 चालू होतो, प्लास्टिकवर तो तसा होत नाही, त्यामुळे चांगलं रक्तही गोठलेलं दिसत नाही. साबणाने धुतलेल्या ट्यूबचीही तीच अडचण. आणि कुणीतरी उतावीळपणे पाचव्या मिनिटालाच ट्यूब हलवून बघतं. ट्यूब नवी, कोरडी, काचेची हवी आणि घड्याळ लावून बसायचं. ही तीन कारणं ज्याला समजली, त्याची निम्मी साखळी पाठ झालेली असते.

विंचवाचंही तसंच. लाल विंचवाच्या विषाने अंगात कॅटेकोलामाइन्सचा (अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा) लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. हे घडतं कसं ते नीट लक्षात घेऊन, आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या करणारं प्राझोसिन विंचूदंशात वापरण्याचं मोठं काम डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात केलं. ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनी त्यांचं काम जरूर वाचावं, कारण आजाराची यंत्रणा समजली की औषध कसं सापडतं हे त्यात उघड दिसतं.

स्लाइड फोकस होत नाही?

प्रॅक्टिकलला मुलं बसल्याबरोबर 40 ची लेन्स फिरवतात. मग समोर नुसता गुलाबी-जांभळा गोंधळ. आधी स्लाइड उजेडासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. काप एकसंध आहे की मध्ये पोकळी आहे, कुठे जास्त निळा दिसतो? निळं म्हणजे तिथे केंद्रकांची गर्दी. मग 4 ची लेन्स, मग 10, आणि 40 सगळ्यात शेवटी. गाव उंचावरून पाहिलं की वेस, देऊळ, ओढा कुठे ते कळतं. थेट एका घराच्या खिडकीला डोळा लावला तर गाव कोणतं हेच समजत नाही.

10 वर स्पष्ट दिसतं आणि 40 वर काही केल्या फोकस येत नाही, असं झालं तर नव्वद टक्के वेळा स्लाइड उलटी ठेवलेली असते. कव्हर स्लिप (कापावरची पातळ काच) खाली गेली की 40 ची लेन्स कापाच्या पुरेशी जवळ जाऊच शकत नाही. लेबल वाचता येतंय ना ते बघा. स्लाइड सुलटी असूनही धूसर दिसत असेल, तर आधीच्या बॅचच्या कुणीतरी त्या लेन्सला तेल लावलेलं असणार. लेन्स पेपरने हलक्या हाताने पुसा. शर्टाच्या बाहीने पुसू नका.

आणि नॉर्मल न बघता आजारी अवयव बघू नका. फर्स्ट इयरची हिस्टॉलॉजीची (निरोगी अवयव मायक्रोस्कोपखाली कसे दिसतात त्याची) वही टाकून देणाऱ्यांना किडनीत काय बिघडलंय ते कधीच दिसत नाही, कारण नीट असलेली किडनी त्यांच्या डोळ्यांसमोर नसते.

रक्ताच्या स्मिअरमध्ये नसलेला आजार दिसणं

डीएमएलटीच्या मुलांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरवलेल्या रक्ताच्या थराच्या, अगदी टोकाकडे नॉर्मल तांबड्या पेशीसुद्धा मधली फिकट जागा नसलेल्या दिसतात आणि मुलं बेधडक "स्फेरोसाइट" (आजारात गोळ्यासारखी झालेली तांबडी पेशी) लिहितात. जाड बाजूला पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, तिथे "रुलो" लिहिलं जातं. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात पण चढत नाहीत, तेवढ्याच पट्ट्यात निदान करायचं. पेशंटचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर रक्त पातळ असतं, स्मिअर लांबच लांब पसरतो. अशा वेळी पसरवायच्या स्लाइडचा कोन थोडा वाढवा.

आपल्याकडचा उन्हाळा हा नमुन्यांचा शत्रू आहे. मे महिन्यात सकाळी तालुक्याला काढलेलं रक्त डब्यात भरून एसटीने दुपारी शहरात पोचतं, तोवर ईडीटीएमधल्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या ट्यूबमधल्या) तांबड्या पेशींना काटे फुटलेले असतात आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये फुगे दिसतात. तो आजार नसतो, तो उशीर असतो. स्मिअर शक्यतो दोन तासांच्या आत, नमुना घेतला तिथेच करून ठेवा. साखरेचा नमुना साध्या ट्यूबमध्ये तसाच राहिला तर पेशी ती साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. म्हणून फ्लोराइडची ट्यूब.

डेंग्यूच्या दिवसांत मशीनने प्लेटलेट 30 हजार दाखवल्या की घरचे घाबरून जातात. रिपोर्टवर सही करण्याआधी स्मिअर बघा. कधीकधी ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीनला ते मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घेतला की आकडा नीट येतो. हे न पाहिल्यामुळे एखाद्या कुटुंबाला रात्रीतून गाडी करून शहर गाठावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सारखे वाटणारे शब्द

लँगहान्स ही टीबीतली मोठी, अनेक केंद्रकांची पेशी. लँगरहान्स वेगळी, ती त्वचेत असते. हे एकदा वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि पुढे जा.

मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया आणि कार्सिनोमा यांचा घोळ मात्र गंभीर आहे. एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशींनी घेतली तर तो मेटाप्लेशिया. तंबाखू मळून वर्षानुवर्षं गालाच्या एकाच कोपऱ्यात धरणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा दिसतो. त्यातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढल्या पण तळाचा पडदा शाबूत असेल, तर तो डिस्प्लेशिया. तिथे थांबवायला अजून वाव आहे. पडदा फोडून पेशी आत शिरल्या की तो कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. मधली ही वेळ किती मोलाची असते, ते आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासाने जगाला दाखवलं. तिथल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक महिलांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला, तो 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या साधारण निम्म्यावर आले. एचपीव्हीचं ई6 प्रथिन पी53 ला निकामी करतं, ई7 आरबीला (ही दोन्ही कॅन्सर रोखणारी प्रथिनं), हे वाक्य पुढच्या वेळी वाचाल तेव्हा परंडा-भूमच्या बायका डोळ्यांसमोर आणा. ते विसरणार नाही.

बायोप्सी पाठवताना

इंटर्नशिपला लागलेल्यांसाठी एवढं सांगतो. तुकडा सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात पाठवू नका, तो वाटेतच सडतो. दहा टक्के फॉर्मॅलिन हवं, आणि तुकड्याच्या निदान दहा पट. मोठा अवयव असेल तर चिरून ठेवा, कारण फॉर्मॅलिन आत फार हळू झिरपतं आणि मधला भाग कच्चाच राहतो. बाटली रुंद तोंडाची घ्या. फॉर्मॅलिनमध्ये कडक झालेला तुकडा अरुंद तोंडातून ओढून काढताना चुरगळतो. पेशंटचं नाव बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. टेबलावर दहा बाटल्या उघडल्या की झाकणं बदलतात.