यूपीआयचे पैसे कापले गेले, पण पोहोचलेच नाहीत तर

दुकानदाराचा साउंडबॉक्स गप्प राहतो आणि आपल्या खात्यातून मात्र ४५० रुपये वजा झाल्याचा एसएमएस येतो, अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती पाहावी आणि तिथला बारा आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख सांगणारा क्रमांक) टिपून ठेवावा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीच्या खात्यात जमा न झालेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, तर दुकानदाराला न पोहोचलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळायला हवी, आणि तीही ग्राहकाने न मागता. (प्रत्यक्षात मागावी लागली, तर संकोच करू नये.) रक्कम न आल्यास आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर, मग बँकेकडे लेखी तक्रार करावी, ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही सापडतात. परतावा देण्यासाठी कोणी पिन टाकायला सांगितल्यास फोन ठेवून द्यावा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी १९३० या सरकारी सायबर फसवणूक मदत क्रमांकावर कळवावे.