‘शो अप’ कुठे वापरावे, कुठे टाळावे

‘शो अप’ हे बोलीतले इंग्रजी क्रियापद कानावर पडले की आपल्या खान्देशातील अनेक विद्यार्थी ‘शो’ म्हणजे दाखवणे एवढेच धरून अर्थ लावू पाहतात, आणि तिथेच वाट चुकते. त्याचा नेहमीचा अर्थ येणे, हजर होणे असा आहे, आणि ज्याची वाट पाहिली जात आहे किंवा जो अवचित उगवला आहे, अशा माणसाविषयी ते विशेषकरून बोलले जाते. रावेरच्या बागेत केळी कापणीला बोलावलेले मजूर आलेच नाहीत, तर ‘द वर्कर्स डिडन्ट शो अप’ असे म्हणावे. आपले ‘फिरकलेच नाहीत’ त्याच्या अगदी जवळ जाते. ‘डिडन्ट’नंतर क्रियापद मूळ रूपातच राहते, म्हणून ‘डिडन्ट शोड अप’ ही फार रुळलेली चूक कटाक्षाने टाळावी. उशिरा येणाऱ्यासाठी ‘ही शोड अप लेट’ म्हणतात. ठिकाणाआधी बहुधा ‘अ‍ॅट’ आणि कामाआधी ‘फॉर’ येते: ‘शी शोड अप अ‍ॅट द स्टेशन’, ‘ही शोड अप फॉर वर्क’.

दुसरा अर्थ दिसू लागणे, नजरेत भरणे असा आहे. केळीच्या पानांवर करप्याचे ठिपके उमटले, तर ‘द स्पॉट्स शोड अप ऑन द लीव्ह्ज’ हे वाक्य अचूक ठरते.

तिसऱ्या अर्थाला मात्र जपावे. क्रियापदाला कर्म जोडले की ते एखाद्याला चारचौघांत तोंडघशी पाडण्याविषयी बोलू लागते, आणि त्या वेळी सर्वनाम दोन शब्दांच्या मध्येच बसते: ‘ही शोड मी अप इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स’. ‘तो माझ्याकडे आला’ असे सांगायला ‘ही शोड मी अप’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला भलताच अर्थ कळेल. बढाई मारणे किंवा मिरवणे यासाठी ‘शो ऑफ’ हे वेगळे क्रियापद आहे.

मित्राला संदेश पाठवताना ‘शो अप’ खुशाल वापरावे, पण जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या कार्यालयाला मुलाखतीस येत असल्याचे कळवताना ‘आय विल शो अप’ लिहिणे फार सैल वाटते. तिथे ‘आय विल अटेंड द इंटरव्ह्यू’ हेच लिहावे. याच क्रियापदावरून आलेले ‘नो-शो’ हे नाम मात्र विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या औपचारिक नियमांतही आढळते, आणि आरक्षण करूनही न आलेल्या ग्राहकाला ते लावले जाते.