सीड पेपरच्या पत्रिका उगवत नाहीत? या चुका टाळा

बी घातलेल्या कागदाची लग्नपत्रिका कुंडीत पुरली आणि काही उगवलं नाही की लोक म्हणतात, 'हे सगळं नुसतं दाखवायला असतं.' ते ऐकून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा कागद चांगला असतो, नडते ती आपली घाई. पुण्यात दर लग्नसराईत त्याच त्या चुका बघून आता लिहायलाच बसले.

सगळ्यात जास्त बी मरतं ते छपाईत. सीड पेपर म्हणजे सुती चिंध्यांच्या लगद्यात बी मिसळून केलेला हातकागद. आपल्या शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून आहे, त्यामुळे पुण्याला हातकागद काही नवा नाही. तो जाड असतो, खडबडीत असतो, त्यावर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई, छान बसते. लेझर प्रिंटरचं मात्र नाव काढू नका. टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदावर पक्का करणारा त्याचा रोलर 180 ते 200 अंशांपर्यंत तापतो आणि वर दाबही देतो. बी भाजतंही आणि चिरडतंही.

बाणेरला एका कंपनीच्या परिषदेसाठी सीड पेपरचे बिल्ले मागवले होते. नावांची यादी आदल्या रात्री बदलली. आयोजकांनी नवी नावं ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काढली आणि घामानं खराब होऊ नयेत म्हणून बिल्ले गरम लॅमिनेशनमधून फिरवले. वर घोषणा काय, तर 'घरी नेऊन लावा'! उरलेले काही मी घरी आणले, प्लास्टिक सोलून ओल्या फडक्यात ठेवले. झेंडूचं बी काळं, काडीसारखं, शेंड्याला पांढुरका झुपका असलेलं. यातलं बी नखानं दाबलं की भुगा होत होता. शेवटपर्यंत एकही कोंब आला नाही. त्याच गठ्ठ्यातल्या कोऱ्या कागदावर मात्र आठवड्याच्या आत हिरवे कोंब दिसले. म्हणून माझी पद्धत सरळ आहे: मजकूर स्क्रीन प्रिंटिंगनं, नावं हातानं. चांगलं अक्षर असलेलं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच, त्यांना एक दुपार द्या.

सोनेरी फॉइल, चमकी, प्लास्टिकचं पाकीट: यातलं काहीही नको.

दुसरी चूक मला जास्त छळते. ऑनलाइन स्वस्तात मिळतं म्हणून 'रानफुलांचं मिश्रण' असलेला कागद घेतात आणि त्यात कोणतं बी आहे हे विचारतही नाहीत. अशा मिश्रणात कॉसमॉस असू शकतं. ते मूळचं मेक्सिकोकडचं. पावसाळा सरता सरता पुण्याच्या टेकड्यांवर जे पिवळं-नारिंगी रान माजलेलं दिसतं ना, ज्यात उभं राहून सगळे फोटो काढतात, ते हेच. त्याच्या दाटीत आपली गवतं आणि इथली खरी रानफुलं मागे पडतात. पर्यावरणाच्या नावानं आपणच ते घरोघर वाटायचं? विकणाऱ्याला बियांची नावं विचारा, सांगता आली नाहीत तर तो कागद घेऊ नका. तुळस, झेंडू, राजगिरा, मोहरी यांत सगळं भागतं. चिंच, जांभूळ असलं मोठं बी कागदात बसत नाही. ते द्यायचंच असेल तर मातीचे बीजगोळे करा.

पत्रिका पावसाळ्यात माळ्यावर टाकू नका, दमटपणानं बुरशी धरते. मागच्या वर्षीचा उरलेला गठ्ठा खपवू नका.

लावायची रीत पत्रिकेवरच छापा, तीही मराठीत. कागद रात्रभर भिजवायचा, तुकडे करायचे, वर मातीचा अगदी पातळ थर. तुळशीला उजेड लागतो, तिचा कागद नुसता दाबून बसवायचा. पाणी तांब्यानं ओतू नये, शिंपडावं. एप्रिल-मेमध्ये कुंडी सावलीत ठेवावी, गॅलरीतल्या उन्हात कागद तासाभरात कोरडा पडतो.

आणि हातात सीड पेपरची पत्रिका, मंडपात थर्माकोलची नक्षी, हे तर करूच नका. सजावटीचं थर्माकोल 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही. कापडी फलक रंगवून घ्या, पुढच्या कार्यालाही चालतो.

मोठी ऑर्डर देण्याआधी एक कागद मागून घ्या. तो फाडून ओल्या फडक्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दहा दिवस वाट बघा. छापून झालेल्या पहिल्या पत्रिकेचीही हीच परीक्षा घ्या. म्हणजेच काम मुहूर्ताच्या निदान दोन महिने आधी सुरू करा. आठवड्यावर लग्न आलं असेल तर साध्या कागदावर छापा आणि पाहुण्यांच्या हाती तुळशीचं रोप द्या.