चेहऱ्यावर व्रण असलेल्या मुलींसाठी शिबिर घ्यायचंय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी मेकओव्हरचा विचार डोक्यातून काढून टाका. मुलींना छान तयार करू, फोटो काढू, 'तू किती सुंदर आहेस' म्हणू आणि त्या खुश होऊन घरी जातील असं बऱ्याच जणांना वाटतं, हेतू चांगलाच असतो, पण चौदा वर्षांच्या मुलीला ही वरवरची स्तुती लगेच कळते. तिचा खरा त्रास म्हणजे बसमध्ये टक लावून बघणारी बाई, वर्गात नवीन आलेली पोरगी आणि 'हे काय झालं गं तुला?' हा प्रश्न. तीन-चार दिवसांत तयारी करून घ्यायची ती याची.

ग्रुप लहान ठेवा, ८-१० मुली पुरे, आणि ११-१३ वयाच्या वेगळ्या, १४-१७ च्या वेगळ्या. भाजलेली, अपघातातली, कुत्रा चावलेली, पिंपल्सचे खड्डे पडलेली, सगळ्या एकत्र चालतात. फक्त 'हिचं तर काहीच नाही' असं कुणी म्हणायचं नाही, कारण व्रण केवढा मोठा यावरून मुलीला त्रास किती होतो ते ठरत नाही, संशोधनातही हेच दिसलंय. आधी प्रत्येकीशी एकटीशी बोला, आई-बाबांना बाहेर बसवून, आणि तिला स्वतःला यायचंय का ते विचारा. अपघाताची स्वप्नं पडून झोप उडत असेल किंवा जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर थांबायचं नाही, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, शिबिराचं नंतर बघू.

फॉर्ममध्ये तब्येतीचं नीट विचारा, इथे बरेच जण कच्चे राहतात. व्रण पूर्ण मुरायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर ऊन टाळायचं, म्हणजे टोपी, सावली आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. खोल भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे अंगाचा बराच भाग भाजला असेल तर ती मुलगी उन्हात पटकन तापते, दुपारी मैदानी खेळ नकोतच. व्रण सपाट आणि मऊ व्हावा म्हणून कुणी सिलिकॉन शीट (त्यावर चिकटवायची मऊ पट्टी) लावते, कुणी प्रेशर मास्क (चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा) दिवसभर घालते, त्यांची वेळ शिबिरामुळे चुकता कामा नये. पापणी पूर्ण मिटत नसेल तर धूळ आणि डोळ्यांचे थेंब लक्षात ठेवा. ओठांजवळ कातडी आखडली असेल तर जेवायला वेळ लागतो आणि सगळ्यांसमोर खायची लाजही वाटते, तेव्हा घाई करू नका.

आणि हो, शेवटच्या रात्रीची शेकोटी! मेणबत्त्या लावून गोल बसणं सुद्धा. भाजलेल्या मुलीला न विचारता असलं काही ठेवलंत तर सगळ्या दिवसांची मेहनत पाण्यात. आरसे मात्र झाकू नका, झाकले की मुलींना त्याचा अर्थ बरोबर कळतो.

आता मुख्य काम. ब्रिटनमध्ये १९९२ साली जेम्स पार्ट्रिज यांनी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली, ते स्वतः १८ व्या वर्षी गाडीच्या आगीत भाजलेले. या संस्थेची एक साधी पद्धत आहे: थोडक्यात सांगा, समोरच्याला निश्चिंत करा, विषय बदला. 'लहानपणी भाजले होते, आता दुखत नाही, तू कितवीला आहेस?' बस, एवढंच. प्रत्येकीने आपलं वाक्य आपल्या शब्दांत बनवायचं आणि दहा वेळा मोठ्याने म्हणायचं, समोर शिबिरातली ताई भोचक बाई होऊन बसते, त्यात पोरी हसून लोळतात, हसू द्या. 'मला त्यावर नाही बोलायचं' हेही पूर्ण उत्तर आहे, ते पण म्हणायला लावा. टक लावणाऱ्याकडे बघून हसायचं असं सगळे शिकवतात, पण व्रणामुळे ओठ हलत नसतील तर काय? तिला मान हलवणं किंवा हात करणं शिकवा. मग तिसऱ्या दिवशी, ज्यांची तयारी असेल त्यांनी दोघी-दोघींनी जवळच्या दुकानात जाऊन काहीतरी विचारून यायचं, ताई लांबून सोबत, आल्यावर गप्पा.

अपघाताची गोष्ट सांगायची सक्ती कुणालाच नको. व्रण असलेली एखादी मोठी बाई मदतीला असेल तर फारच छान, पण ती कामाबद्दल, मैत्रिणींबद्दलही बोलणारी हवी, नुसतं अपघाताचं सांगणारी नको.

कॅमोफ्लाज क्रीमचं, म्हणजे व्रण झाकणाऱ्या कातडीच्या रंगाच्या क्रीमचं, सेशन ठेवा, पण ऐच्छिक, शेवटी आणि शिकलेल्या माणसाकडून. पूर्ण भरलेल्या कातडीवरच लावायचं, रंग दिवसाच्या उजेडात जुळवायचा, वर पावडर, आणि काढायचं कसं तेही दाखवायचं. आज लावलं, उद्या नाही लावलं, तिची मर्जी.

फोटोसाठी मुलीची आणि पालकांची लेखी परवानगी वेगवेगळी घ्या, शिवाय दर वेळी तिला तोंडी विचारा.

पालकांना शेवटच्या दिवशी तासभर वेगळं बसवा. बहुतेक आया मुलीच्या आधी स्वतःच उत्तर देऊन टाकतात, त्यांना गप्प बसायची प्रॅक्टिस द्यावी लागते, खरंच. घरी गेल्यावर आठवड्याने एक फोन, महिन्याने एक, आणि मुलगी हो म्हणाली तरच तिच्या वर्गशिक्षिकेशी बोला, काय सांगायचं आणि काय नाही ते तिनेच ठरवायचं.